हिरवी रेघ

चौथ्यांदा आली एर्मिंदा ओयार्सो
तेव्हा दार तिनं नाही, वाऱ्यानं उघडलं.
पुंता अरेनासमध्ये सप्टेंबरात असंच असतं,
माणूस आत येतो आणि त्याच्या मागोमाग
अर्धी सामुद्रधुनी आत येते.
काउंटरवरचे फॉर्म उडतात,
मी ते पोटानं दाबून धरतो.

लोकरीच्या मोज्यातून तिनं फोन काढला,
बोलली नाही काही,
नुसता चालू करून माझ्याकडे फिरवला.
वरपासून खालपर्यंत रेघ, हिरवी,
धावदोऱ्यासारखी सरळ.

ये रे माझ्या मागल्या.

मी विचारलं, जे विचारावंच लागतं:
पडला होता का?
नाही.
पाण्यात?
नाही.
फार वेळ उन्हात?
यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली
की शेवटी मीच खिडकीबाहेर पाहिलं.

मग तिनं वही काढली.
कडांना खडू लागलेला, पानोपानी मापं,
खेकडे धरणाऱ्यांच्या छात्या, बाह्या, मनगटं,
आणि एका पानावर गिऱ्हाइकाचं नाव: टेलिफोन.
मार्च, डाव्या कडेपासून अकरा मिलिमीटर.
मे, एकोणीस.
जुलै, चौतीस; शेजारी दुसरी, जांभळट, बारीक.
आज सकाळी टेप लावून, सहा.
"तुम्ही म्हणता स्क्रीन नवी.
मग खोड जुनी कशी?"

माझ्यासमोर संगणकात कारणांचा रकाना.
सात कारणं, आठवं 'इतर'.
'इतर' निवडलं की सान्तियागोहून फोन येतो,
एक माणूस फार मऊ आवाजात विचारतो,
का?
म्हणून तिन्ही वेळा मी पहिलंच निवडलं होतं.
तीनदा तिचा फोन विमानानं राजधानीला जाऊन आला.
मी अजून एकदाही गेलेलो नाही.
तीनदा सोळा दिवसांनी परतला,
काचेवर पातळ फिल्म, नव्या खोक्याचा वास,
आणि आत काही नाही.
बहिणीच्या अंगणातला बर्फ, नातवाचा पडलेला दात,
सगळं धुऊन पुसून पाठवलेलं.
आता ती नंबरही वहीतच लिहिते,
मापांच्या खाली.

"जाकिटाची चेन अडली," ती म्हणाली,
"तर मी आधी चेन नाही बदलत. कापड बघते.
कापडच तिरपं बेतलेलं असेल
तर दहा चेनी लाव, दहादा अडेल."
आणि तुमची वॉरंटी किती?
मी उगाच हसत विचारलं.
"कागद नाही माझ्याकडे.
माणूस परत आला की मी उसवते."

पावतीवर नऊ दिवस उरले होते.
हे तिला माहीत नव्हतं, मला होतं:
मुदत तिकडेच कुठेतरी संपेल,
शेल्फावर, चिकटपट्टी लावलेल्या डब्यात,
आणि पाचवी रेघ
तिची स्वतःची असेल.
सांगायला तोंड उघडलं
तर ती म्हणाली, "बाही उसवलीय तुझी.
काढ ते."

कंपनीचं जाकीट, खांद्यावर कंपनीचं नाव.
काढून दिलं.
कॉलरमागून तिनं सुई काढली, दोरा आधीच ओवलेला,
रंग जुळला नव्हता, तिला पर्वा नव्हती.
बाकावर बसली, चश्मा कपाळावर.
मी शर्टावर, दाताशी दात वाजत,
'इतर' निवडलं.

खाली मोकळी जागा असते, दोनशे अक्षरांची.
अकरा, एकोणीस, चौतीस, सहा, लिहिलं.
पुढे काय लिहावं सुचेना.
लिहिलं: स्क्रीन बदलू नका. कापड बघा.
आणि मुदतीआधी जमा झालाय, याची नोंद घ्या.
पाठवलं.

चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती
तोच काउंटरवरचा फोन खणाणला.
ती दातानं दोरा तोडत होती.
"घे," म्हणाली, मान वर न करता.
जाकीट की फोन, मला कळलं नाही.
मी दोन्ही हात पुढे केले.